आठ नावांतली दोन नावं

१९८१ साली डिस्नेचा 'द फॉक्स अँड द हाउंड' आला, त्याच्या टायटल्समध्ये कथा म्हणून आठ जणांची नावं येतात. आठ! लग्नपत्रिकेत 'आपले नम्र'च्या खाली काका-मामा-आत्या सगळे कोंबतात ना, तशी. पडद्यावर ती नावं येतात आणि जातात, कोणी वाचत नाही, मीही कधी वाचली नव्हती. पण त्या आठातली दोन नावं नंतर माझ्या डोक्यात पक्की बसली. अर्ल क्रेस आणि स्टीव्ह ह्युलेट. दोघंही कार्टून लिहिणारे, आणि दोघंही पुढं त्यांच्या युनियनचे, म्हणजे ॲनिमेशन गिल्डचे, पुढारी झाले. क्रेस उपाध्यक्ष, आणि ह्युलेट तर १९८९ ते २०१६ अशी सत्तावीस वर्षं युनियनचा पूर्णवेळ प्रतिनिधी.

आता तुम्ही म्हणाल आम्हाला काय त्याचं. तर सांगते. मी स्वतः काही वर्षं अंधेरीत बसून लहान मुलांच्या कार्टून्सचे एपिसोड लिहिलेत. अकरा मिनिटांचा एक एपिसोड, आधी व्हॉट्सॲपवर वन-लायनर पाठवायची, मग दहा वन-लायनरमधली दोन पास व्हायची, मग स्टोरी, मग डायलॉग, मग 'चॅनलकडून थोडे चेंजेस आलेत' असा मेसेज रात्री साडेअकराला. पैसे तीन महिन्यांनी, कधी पाच. आणि ते एपिसोड अजून लागतात बरं का. माझी भाची परवा एक बघत होती, मी लिहिलेला विनोद ऐकून खदाखदा हसली, मला आनंदही झाला आणि आतून जरा कुठंतरी चिमटाही बसला, कारण तो एपिसोड कितव्यांदा लागतोय देव जाणे आणि माझा त्याच्याशी संबंध एका चेकपुरता होता, तो चेकही कधीच वटवून संपलाय. त्यामुळं कार्टून लिहिणारा माणूस युनियन चालवतो म्हणजे नक्की काय करतो हे मला बघायचंच होतं.

क्रेसचं काम तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलंय, फक्त नाव माहीत नाही. 'पिंकी अँड द ब्रेन' आठवतंय का, दोन उंदीर, एक हुशार एक येडा, रोज रात्री जग जिंकायचा प्लॅन आणि रोज तो फसणार. तिथं तो लिहायचा, त्याला डेटाइम एमी अवॉर्ड्सही मिळाली. २०११ च्या सप्टेंबरमध्ये यकृताच्या कॅन्सरनं गेला, अवघा साठ वर्षांचा. लेखक म्हणून नाव होतं, पण एवढं असूनही तो ज्या युनियनमध्ये होता ती लेखकांची नव्हतीच. ती होती चित्रकारांची. आणि सगळी गंमत, गंमत म्हणजे गोची, इथंच आहे.

त्याचं कारण जुनं आहे. पूर्वी कार्टून लिहीत नसत, काढत. भिंतीवर मोठा बोर्ड, त्यावर एकामागून एक चित्रं टाचलेली, आणि गॅग सुचणारा माणूस काठी घेऊन उभा, तो सगळ्यांना ॲक्टिंग करून गोष्ट सांगणार. स्क्रिप्ट असा टाइप केलेला कागद नसायचाच. म्हणजे गोष्ट रचणारा हा चित्रकारांपैकीच एक. मग संप झाले, १९३७ ला न्यूयॉर्कला फ्लायशर स्टुडिओत, आणि २९ मे १९४१ ला खुद्द डिस्नेच्या दारात. डिस्नेचा टॉपचा ॲनिमेटर आर्ट बॅबिट, ज्यानं गूफीला घडवलं, तो युनियनमध्ये गेला म्हणून त्याला काढला आणि दुसऱ्या दिवशी लोक गेटबाहेर. त्यातून हळूहळू कार्टूनवाल्यांची युनियन पक्की झाली, १९५२ ला आत्ताच्या ॲनिमेशन गिल्डची, म्हणजे लोकल ८३९ या नंबरच्या शाखेची सनद आली, आणि गोष्टवाले ओघानंच त्यात गेले. तेव्हा त्यात कोणाला काही खटकलं नाही, खटकण्यासारखं नव्हतंच.

पण १९५७ च्या सुमाराला हॅना-बार्बेरा टीव्हीवर आले आणि सगळा धंदा बदलला. आठवड्याला एपिसोड हवा, स्वस्त हवा, मग हालचाल कमी आणि बडबड जास्त. बडबड म्हणजे स्क्रिप्ट. आता टाइपरायटरवर बसणारा माणूस आला ज्याला कदाचित सरळ रेघही मारता येत नाही, पण तो मोजला कुठं जातो, तर चित्रकारांत. तिकडं सिनेमा-सिरियल लिहिणाऱ्यांची रायटर्स गिल्ड वेगळी, ताकदवान, तिच्या करारात रेसिड्युअल आहेत, म्हणजे तुमचा एपिसोड परत दाखवला की तुमच्या नावानं घरी चेक येतो. कार्टूनवाल्याला तो येत नाही. त्याच्या बाबतीत पुढच्या कमाईतला जो काही वाटा येतो तो एकत्र खड्ड्यात जातो, पेन्शन आणि हेल्थ इन्शुरन्सच्या फंडात.

१९९८ ला तर कहर झाला. फॉक्स चॅनलवर रात्री लागणारी कार्टून्स, सिम्पसन्स वगैरे, ती लिहिणाऱ्यांना रायटर्स गिल्डचा करार मिळाला. बघा म्हणजे, रात्री आठला लागणारं कार्टून लिहिलं तर तुम्ही लेखक. शनिवारी सकाळी आठला लागणारं लिहिलं तर तुम्ही... कोण? शहर तेच, कीबोर्ड तोच, विनोद कधीकधी सकाळचाच बरा. फरक एवढाच की सकाळी बघणारा प्रेक्षक पायजम्यात बसलेला सात वर्षांचा पोरगा आहे. मुलांसाठी लिहिणं म्हणजे अर्धवट लिहिणं ही समजूत आपल्याकडेच आहे असं मला वाटायचं, कुठल्याही समारंभात बालसाहित्याचं बक्षीस सगळ्यात आधी उरकून घेतात तशी, पण ती तर हॉलिवूडमध्ये कायदेशीर करारात लिहून ठेवलीय.

इथं माझ्या बऱ्याच लेखक मित्रांचं म्हणणं असतं की मग या माणसांनी ती युनियन सोडायला हवी होती, चित्रकारांबरोबर बसून काय मिळणार. मला हे पटत नाही, आणि या लेखात मला खरं तर एवढंच सांगायचंय. क्रेस त्या युनियनच्या कार्यकारिणीत बसला, जिथं बहुसंख्य चित्र काढणारे, जिथं लेखक म्हणजे मूठभर, आणि त्या चित्रकारांपैकी बऱ्याच जणांना मनातून वाटतं की या टाइप करणाऱ्यांची गरजच काय, आम्ही बोर्डवरच गोष्ट रचायचो की. तिथं बसून लेखकांचं म्हणणं मांडत राहणं हे स्टेजवर भाषण ठोकण्यापेक्षा कितीतरी कंटाळवाणं आणि कितीतरी अवघड आहे.

आणि तो खड्डा, तो कॉमन फंड, तोही मला वाटतो तेवढा वाईट नाही. अमेरिकेत हेल्थ इन्शुरन्स नसणं म्हणजे काय हे तिकडं नातेवाईक असणाऱ्या कोणालाही विचारा, न्यू जर्सीची मावशी तुम्हाला दात काढायला पुण्याला का येते ते सांगेल. त्या फंडाचा हिशेब तासांवर चालतो. आधी सहा महिन्यांत ६०० तास काम भरलं की विमा सुरू, मग चालू ठेवायला दर सहा महिन्यांना ४०० तास. फ्रीलान्स लेखकाचे तास कसे मोजणार, तो तर घरी बसून विचार करतो, झोपेतही करतो, तर एका स्क्रिप्टमागे ठरावीक तास त्याच्या खात्यात जमा धरायचे अशी सोय करारात आहे. वाचायला रटाळ वाटतं ना? पण कोणीतरी मीटिंगमध्ये बसून हे कलम भांडून घेतलंय. एखाद्या लेखकाचे त्या सहा महिन्यांत ३८० तास भरले तर वीस तासांनी त्याच्या घरातला विमा जाऊ शकतो, आणि हे ज्याला कळतं तोच खरा पुढारी, असं माझं स्पष्ट मत आहे. रेसिड्युअलचा चेक गाजलेल्या सिरियलवाल्याला मोठा येतो, पडलेल्या सिरियलवाल्याला चहाच्या पैशाएवढा. विमा दोघांना सारखा.

तरीपण. फंड चांगला म्हणून लेखकाचा वाटा बुडवणं बरोबर ठरत नाही. दोन्ही देता येतं, रायटर्स गिल्डवाल्यांना रेसिड्युअलही मिळतात आणि विमाही आहेच की. 'तुम्हाला विमा दिलाय ना, मग गप्प बसा' हा युक्तिवाद मालकांचा आहे, तो युनियनच्या माणसानं उसना घेऊ नये.

बरं, या युनियनची ताकद कमी का पडली तेही बघायला हवं, आणि इथं मला माझे लालबागचे मामा आठवल्याशिवाय राहत नाहीत. मामा गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला डॉक्टरांचा संप सुरू झाला, दत्ता सामंतांना त्या भागात कोणी नावानं हाक मारत नाही, डॉक्टरच म्हणतात, आणि तो संप रीतसर कधी मागेच घेतला गेला नाही, नुसता विरला. मामा शेवटी भाजीचा धंदा करायला लागले. तर त्याच वर्षी, १९८२ च्या ऑगस्टमध्ये, लॉस एंजेलिसला कार्टूनवाले संपावर गेले. मुद्दा काय, तर स्टुडिओवाले चित्रांचं काम तैवान-कोरियाला पाठवतात ते थांबवा. १९७९ ला त्यांनी याच मुद्द्यावर संप करून जिंकलेलं, करारात कलमच घालून घेतलेलं. ८२ ला साधारण दहा आठवडे बाहेर बसले आणि हरले, ते कलम गेलं. काम गेलं ते गेलंच. एक फिल्मेशन नावाचा स्टुडिओ होता, ही-मॅन करणारा, तो हट्टानं जवळपास सगळं काम अमेरिकेतच करायचा, १९८९ ला तोही बंद पडला.

आता खरी अडचण सांगते जी आपल्याकडचे डावे मित्र पण नीट बोलत नाहीत. ते पळून गेलेलं काम तैवान, कोरिया, फिलिपिन्स असं फिरत फिरत पुढं आपल्याकडेही आलं. मुंबई, हैदराबाद, तिरुवनंतपुरम. माझ्या ओळखीच्या कितीतरी पोरांची घरं त्यावर चालतात, जे.जे.तून बाहेर पडलेले, कोल्हापूर-सांगलीहून आलेले, मालाडला चौघांत एक खोली घेऊन राहणारे. म्हणजे तिकडच्या ॲनिमेटरचं दुःख ही इकडच्या ॲनिमेटरची भाकरी. मग आपण कुणाच्या बाजूनं उभं राहायचं? मला वाटतं हा प्रश्नच चुकीचा विचारला जातो. काम इकडं आलं याचं वाईट वाटायचं कारण नाही, पण काम आलं आणि कामाबरोबरचे नियम मात्र विमानतळावरच राहिले, याचं वाटायला हवं. १९५६ ला क्लेअर वीक्स नावाचा डिस्नेचा माणूस मुंबईला फिल्म्स डिव्हिजनमध्ये आला, राम मोहन वगैरे मंडळींना त्यानं हाताला धरून ॲनिमेशन शिकवलं. ज्या स्टुडिओत संप होऊन पंधरा वर्षं झाली होती तिथली कला आपल्याकडे आली. संपातून आलेलं शहाणपण काही आलं नाही.

आणि एक बघा, त्या सगळ्या पळापळीत चित्रं गेली पण लिहिणं लॉस एंजेलिसलाच राहिलं. म्हणजे युनियनमधले चित्रकार बेकार आणि लेखक कामावर. धुसफूस होणारच. अशा घरात राहून 'आमच्यावर अन्याय होतोय' म्हणणं किती जिकिरीचं असेल, समोरचा म्हणणार बाबा तुझी नोकरी तरी आहे.

ह्युलेटनं या सगळ्यात एक गोष्ट अशी केली की जी मला संपापेक्षा मोठी वाटते. त्याचा बाप राल्फ ह्युलेट डिस्नेत बॅकग्राउंड रंगवायचा, म्हणजे स्टुडिओ त्याला घरच्यासारखा, स्वतः तिथं दहा वर्षं लेखक होता, आणि युनियनच्या नोकरीत तो काय करायचा तर स्टुडिओ-स्टुडिओत फिरायचा, क्युबिकलमध्ये डोकवायचा, काय चाललंय, किती तास भरवतात, पैसे किती देतात. आणि युनियन दरवर्षी सभासदांकडून पगाराचे आकडे गोळा करून छापायची. नावं नाहीत, फक्त हुद्दा आणि पैसे. सगळ्यात कमी किती, मधला किती, सगळ्यात जास्त किती. बास. एवढंच. पण पुढच्या वेळी तुम्ही मालकासमोर बसाल तेव्हा तो म्हणाला की या कामाला एवढेच देतात, तर तुमच्याकडे कागद आहे.

हे महत्त्वाचं का, तर मालक लोक हेच करत होते म्हणून. २०१४ ला तिकडं ॲनिमेशनवाल्यांनी कोर्टात केस टाकली की पिक्सार, डिस्ने, ड्रीमवर्क्स, सोनी, ब्लू स्काय ही मंडळी आपसांत ठरवून एकमेकांची माणसं घेत नाहीत आणि पगारावर मर्यादा ठेवतात. कंपन्यांनी चूक काही कबूल केली नाही पण एकेक करून तडजोड केली, डिस्नेकडचे दहा कोटी डॉलर, ड्रीमवर्क्सचे पाच कोटी, सगळे मिळून जवळपास १७ कोटी डॉलर मोजले. आरोप काय होता ते नीट वाचा, मालक एकमेकांना पगार सांगत होते. आणि आपण? शेजारच्या टेबलावरच्या माणसाला रेट सांगायला लाजतो. 'असं पैशाचं बोलू नये', संस्कार. संस्कार फक्त नोकराला असतात, मालकाला चार्टर्ड अकाउंटंट असतो.

आपल्याकडची परिस्थिती तर आणखी मजेदार आहे कारण कायदा आपल्या बाजूनं आहे. खरंच. २०१२ ला कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, जावेद अख्तर राज्यसभेत त्यासाठी भांडले, आणि त्यानंतर लेखक-गीतकारानं करारात काहीही लिहून दिलं तरी थिएटर सोडून बाकी ठिकाणच्या वापरातली त्याची रॉयल्टी त्याला वारस आणि कॉपीराइट सोसायटी सोडून कोणाला देऊन टाकता येत नाही, निर्मात्याला तर नाहीच. अमेरिकेतल्या कार्टून लेखकाला असं काही कायद्यानं नाही, तिथं पगारी काम म्हणजे पहिल्या दिवसापासून कंपनीचं, जे मिळवायचं ते युनियनच्या करारातून. म्हणजे त्यांच्याकडे युनियन आहे आणि कायदा नाही, आणि आपल्याकडे कायदा आहे आणि... मी सही केलेल्या करारात काय लिहिलं होतं सांगू? सर्व हक्क, कायमस्वरूपी, संपूर्ण विश्वात. विश्वात! मंगळावर कोणी तो एपिसोड लावला तरी माझा हक्क नाही. मी तेव्हा कॉफी पीत होते, हसले, आणि सही केली. समोरचा मुलगा पण हसला, त्याच्याही करारात तेच असणार.

मुंबईत स्क्रीनरायटर्स असोसिएशन आहे, रजिस्टर्ड युनियन आहे, जुनी आहे, स्क्रिप्ट नोंदवायला आपण सगळे तिथं जातो आणि नोंदवून झालं की वर्षभर विसरतो. मराठी मालिका-नाटक-सिनेमा लिहिणाऱ्यांची मानाचि पण आहे. संस्था आहेत, मला त्यांना नावं ठेवायची नाहीत, तिथं फुकट राबणारी माणसं मी पाहिलीत. नावं ठेवायची तर मला स्वतःला. मी मेंबर झाले तेव्हा एकाही मीटिंगला गेले नाही कारण मीटिंग रविवारी होती आणि सोमवारी डेडलाइन. आणि मनात खोल कुठंतरी असं की युनियन म्हणजे ज्यांना काम मिळत नाही त्यांचा उद्योग, मी तर बिझी आहे. क्रेसकडे बघितलं की याचीच लाज वाटते, तो माणूस बिझी होता, एमीवाला होता, त्याला गरज नव्हती.

लोक म्हणतात आपला धंदा लहान आहे, जास्त ताणलं तर तुटेल, तू नाही म्हणालीस तर बाहेर दहा जण उभे आहेत. खरंय की उभे आहेत. १९४१ लाही डिस्नेच्या गेटबाहेर उभे असणारच. आता तर अकरावा पण आलाय, तो झोपत नाही आणि त्याला पैसे लागत नाहीत. २०२३ ला रायटर्स गिल्डवाले १४८ दिवस बाहेर बसले त्यात एआयचा मुद्दा होता, पुढच्या वर्षी ॲनिमेशन गिल्डच्या वाटाघाटी झाल्या, ऑगस्ट २०२४ ला बरबँकला मोठा मेळावा भरवला, आणि शेवटी जो करार झाला त्यात एआयची कलमं इतकी मऊ होती की वाटाघाटी समितीतल्याच काही जणांनी उघड सांगितलं आम्ही विरोधात मत देणार. करार पास झाला, साधारण चारातल्या तिघांनी हो म्हटलं. चौथा नाही म्हणाला. मला त्या चौथ्याबद्दल आदर आहे पण मी तिथं असते तर बहुतेक त्या तिघांत असते, विमा चालू ठेवायचा असतो माणसाला.

जेवढं जमलं तेवढं आम्ही मागच्या महिन्यात केलं. अंधेरी स्टेशनबाहेरच्या उडप्याकडे आम्ही सहा जण बसलो, सगळे कार्टून लिहिणारे, सगळे एकमेकांचे दोस्त आणि सगळे एकमेकांपासून रेट लपवणारे. प्रत्येकानं पेपर नॅपकिनवर अकरा मिनिटांच्या एपिसोडला काय मिळतं तो आकडा लिहिला, नाव न टाकता, आणि नॅपकिन मधोमध साखरेच्या डब्याखाली सरकवला. एकानं आधी दोनदा विचारलं की हस्ताक्षर ओळखू येणार नाही ना. मग मीच सगळे उघडले आणि चढत्या क्रमानं लावले. सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या आकड्यात दुपटीहून जास्त फरक होता. खालचा माझा होता.